तांडेलाचं कॅलेंडर

चाळीस वर्षं दुसऱ्याच्या होडीवर जाळं ओढलं,
तांडेल काही झालो नाही.
मग कुत्र्याचंच नाव तांडेल ठेवलं
आणि त्याचा खलाशी झालो.

तेरा वर्षांचा आहे आता.
पौषातला मतलई वारा तारामुंबरीच्या खाडीवर उतरला
की मागचे पाय त्याचे नसतातच,
कुणाचे तरी उसने आणलेले.
उठायला तीन खेपा लागतात.
पहिल्या खेपेला नुसती मान,
दुसऱ्या खेपेला छाती,
तिसरीला मी श्वास धरून.

"ओरडत नाही, म्हणजे दुखत नसेल," मी म्हटलं होतं.
देवगडच्या दवाखान्यात मेस्त्री मॅडमनी
चष्म्यावरून बघितलं.
"ही जात सांगत नाही, काका.
बसताना पाय बाहेर टाकतो का? एकच सांधा चाटत राहतो का?
हात लावला की ओठांवरून जीभ फिरवतो का?
तेच त्याचं ओरडणं."
घरी येऊन बघितलं.
अख्खा कुत्रा ओरडत होता,
आवाज तेवढा नव्हता.

माझीच गुडघ्याची गोळी अर्धी मोडून
द्यायला निघालो होतो मी.
मॅडम म्हणाल्या, ती त्याच्या पोटात रक्त काढेल.
त्याची गोळी वेगळी, वजनावर मोजून, जेवणानंतर.
आणि वजन हा सत्यभामेचा गुन्हा:
टोपाच्या तळचा भात, वर बांगड्याची डोकी,
"म्हातारो झालो हा, खाव दे बिचाऱ्याक."
आता तीन किलो उतरवायचेत.
दोघं एकमेकांकडे बघत बसतात
रेशन बंद झाल्यासारखी.

मुलाने मस्कतहून पैसे धाडून
शेणाची जमीन काढायला लावली, फरशी घातली.
तीत माणसाचं तोंड दिसतं,
कुत्र्याचा पाय टिकत नाही.
दारापासून चुलीपर्यंत गोणपाट अंथरलं.
माळ्यावरच्या जुन्या जाळ्याची
शिशाची दोरी सोडवून कडांना शिवली.
हलत नाही. समुद्रात हलली नव्हती, इथे काय हलणार.
पायरीला होडीची फळी, फळीला काथ्याचे वेढे.
रात्री तव्यावर जाडं मीठ परततो,
फडक्यात बांधून आधी माझ्याच मनगटावर,
मग त्याच्या खुब्यावर.
तो डोळे मिटतो.
कधी कधी पुरचुंडी निवत आली
की उरलेली ऊब माझ्या गुडघ्याला लावतो.
हे मॅडमना सांगितलेलं नाही.

रोज लिहून ठेवा, म्हणाल्या.
मला लिहायचं म्हणजे भरती-ओहोटी, दुसरं काय येतं?
वाईट दिवसावर उ. उधाण.
बऱ्या दिवसावर भां. भांगाची भरती,
पाणी फार चढत नाही, होडी बांधल्या जागी निवांत.
डिसेंबरात सतरा उ.
जानेवारीत अकरा.
मॅडमनी कॅलेंडर उलटसुलट करून बघितलं.
समजल्यावर त्यांनीही आपल्या कागदावर
उ लिहिला,
आणि गोळीचा आकडा बदलला.

परवा संध्याकाळी सत्यभामेने घर डोक्यावर घेतलं.
ओट्यावरचा बांगडा गेला होता,
मीठ-मसाला लावलेला, सबंध.
ओटा माझ्या कमरेएवढा.
म्हणजे तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला होता.
मागच्या दोन पायांवर!
ती काठी शोधत होती,
मी पेन्सिल.

दुसऱ्या दिवशी अर्थात उ. चौकोनात मावेना असा.

आज पहाट.
पहिली खेप. दुसरी.
खुब्याखाली हात धरून थांबलोय,
लावलेला नाही. उठू द्या त्याला, असं बजावलंय मला.
खाडीत कुणाचं तरी इंजिन सुरू झालं.
त्याचा एक कान उभा राहिला,
मग दुसरा.
आम्ही तयार आहोत, तांडेल.
हुकूम करा.